खर्जाचे वाद्य

बेस गिटार हे वाद्य मी हौसेने वाजवतो, असे सांगितले म्हणजे समोरचा माणूस क्षणभर बुचकळ्यात पडतो. गिटार त्याला ठाऊक असते. बेस हा शब्दही मिरवणुकीतल्या कर्ण्यांच्या भिंतींमुळे त्याच्या कानी, किंबहुना छातीत, शिरलेला असतो. पण हे दोन शब्द जोडून नेमके काय होते, याचा त्याला अंदाज येत नाही. माझ्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यांनी तर माझे वाद्य पाहून अगदी गंभीरपणे विचारले होते, “गिटारीला सहा तारा असतात ना? मग तुमच्या दोन कोठे गेल्या?”

त्यांना जे उत्तर दिले तेच येथे देतो. साध्या गिटारीच्या सहा तारांपैकी जाड अशा चार तारांचे स्वर घ्यावेत आणि ते एक सप्तक खाली उतरवावेत, म्हणजे बेस गिटारीच्या चार तारा होतात. पेटीच्या भाषेत सांगावयाचे तर खालून वर पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन आणि पांढरी पाच. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते आणि तिच्या ध्वनिलहरीची हवेतील लांबी आठ मीटरांहून अधिक भरते. तंबोऱ्यात खर्जाची तार जे काम करते, तबल्याच्या जोडीत डग्गा जे करतो, ती दोन्ही कामे पाश्चात्य पद्धतीच्या वाद्यवृंदात हे एकटे वाद्य करते. ते स्वराला पाया देते आणि लयीला टेकू देते. आणि या दोन्ही गोष्टी नीट झाल्या, तर ऐकणाऱ्याचे तिच्याकडे लक्षही जात नाही.

मी व्यवसायाने सरकारी नोकर आणि शिक्षणाने इतिहासाचा विद्यार्थी. त्यामुळे वयाच्या अडतिसाव्या वर्षी हे वाद्य हाती घेतले तेव्हा बोटे वळण्याआधीच त्याचा पूर्ववृत्तान्त शोधण्याकडे मन वळले. हा इतिहास उणापुरा नव्वद वर्षांचा आहे. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला भेटणारे सगळे जुने प्रश्न त्यात भेटतात. कल्पना कोणाची, यश कोणाचे, आणि नाव कोणाचे राहिले?

बेस गिटारीपूर्वी हे काम डबल बेस करीत असे. हे माणसाच्या उंचीहून मोठे, उभे राहून वाजवावयाचे, बिनपडद्याचे वाद्य. नृत्यगृहांतील वाद्यवृंद जसजसे मोठे आणि कर्कश होत गेले, तसतसा त्याचा आवाज तुताऱ्या आणि ढोलांखाली दबू लागला. शिवाय त्याची ने-आण हा एक स्वतंत्र छळ होता. अमेरिकेतील सिॲटल शहरी पॉल टटमार्क नावाचे एक वादक आणि हवाई गिटारीचे शिक्षक होते. त्यांच्या मुलाने पुढे सांगितलेली हकिकत मला फार आवडते. वृंदातले बाकीचे लोक एका मोटारीत दाटीवाटीने, हसतखिदळत प्रवासाला निघत. डबल बेसवाला मात्र आपल्या मोटारीत एकटा असे, कारण वाद्य आत घातल्यावर दुसऱ्या माणसाला जागाच उरत नसे. टटमार्कांना त्या एकट्याची कणव आली. १९३६ च्या सुमारास त्यांनी ‘ऑडिओव्हॉक्स ७३६’ नावाचे एक लहान, भरीव लाकडाचे, पडद्यांचे, विजेवर चालणारे आणि गिटारीसारखे आडवे धरून वाजवावयाचे खर्जवाद्य तयार केले. म्हणजे आजची बेस गिटार जवळजवळ जशीच्या तशी! ते थोडेच खपले. त्यांच्या मुलाने १९४७ मध्ये पुन्हा एकदा तसा प्रयत्न केला. त्याचेही तेच झाले.

मग बेस गिटारीचा जनक म्हणून सर्वत्र लिओ फेंडर यांचेच नाव का घेतात? येथे थोडे थांबले पाहिजे. कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी या गृहस्थांनी १९३८ मध्ये रेडिओदुरुस्तीचे दुकान काढले. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, आणि मला वाटते हेच त्यांचे मोठे बळ होते. दुरुस्तीला येणाऱ्या वादकांच्या तक्रारी ते कान देऊन ऐकत आणि वाद्याकडे परंपरेच्या नव्हे तर कारागिराच्या नजरेने पाहत. १९५० मध्ये त्यांनी भरीव लाकडाची जी विजेची गिटार बाजारात आणली तिचे नाव आकाशवाणीच्या श्रोत्यांना गंमतीचे वाटेल. ते होते ‘ब्रॉडकास्टर’. दुसऱ्या एका कंपनीच्या ढोलांना तेच नाव असल्यामुळे ते सोडावे लागले आणि दूरचित्रवाणीच्या नव्या नवलाईला अनुसरून ‘टेलिकास्टर’ हे नाव आले. नभोवाणीने दूरचित्रवाणीला जागा करून देण्याचा हा बहुधा पहिलाच प्रसंग असावा.

१९५१ साली याच कारखान्यातून ‘प्रिसिजन बेस’ बाहेर पडली. प्रिसिजन म्हणजे अचूकपणा. डबल बेसवर स्वराची जागा वादकाने वर्षानुवर्षांच्या मेहनतीने बोटांना शिकवावी लागते. येथे दांड्यावर धातूचे पडदे बसवलेले असल्यामुळे सतारीप्रमाणे बोट पडद्यामागे टेकले की स्वर अचूक उमटतो. घोडीपासून वरच्या अटीपर्यंत तारेची मोकळी लांबी किती ठेवावी, हा मोठा नाजूक प्रश्न होता. तार आखूड तर स्वर थुलथुलीत, लांब तर हात पुरत नाही. फेंडर यांनी प्रयोग करून ३४ इंच ही लांबी ठरवली आणि आजही बहुसंख्य बेस गिटारींची लांबी तीच आहे. तारा पोलादी, त्यांच्याखाली चुंबक आणि चुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे. पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलते, वेटोळ्यात विजेचा क्षीण प्रवाह उमटतो आणि ध्वनिवर्धक तो मोठा करतो. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये जे तत्त्व दाखवले, त्याचे हे एक नाचते-गाते अपत्य.

फेंडर यांचे खरे चातुर्य मात्र पुढच्या पावलात दिसते. नुसते वाद्य देऊन भागणार नाही, तो खर्ज बाहेर टाकू शकणारा कर्णाही हवा, हे ओळखून त्यांनी १९५२ मध्ये ‘बेसमन’ हा ध्वनिवर्धक काढला. टटमार्कांकडे कल्पना होती. फेंडरांकडे कल्पना, कारखाना, ध्वनिवर्धक आणि अनुकूल काळ असे चारही होते. कल्पनेचे श्रेय टटमार्कांना आणि प्रस्थापनेचे फेंडरांना, असा निवाडा मी माझ्यापुरता केला आहे. पहिल्याचे नाव विसरले जाते याची खंत वाटते. पण दुसऱ्याचे नाव खोटे आहे असे म्हणता येत नाही.

नव्या वाद्याचे स्वागत कसे झाले? लायोनेल हॅम्प्टन हे त्या काळातले नामांकित जॅझ वृंदनायक. त्यांच्या वृंदाविषयी लेनर्ड फेदर या समीक्षकाने १९५२ मध्ये ‘डाउन बीट’ मासिकात लिहिले, त्याचा आशय असा की, वृंदाकडे पाहताना काहीतरी चुकल्यासारखे वाटले. बेसवाला कोठेच दिसेना, आणि तरीही बेस तर ऐकू येत होता! ते मोठे धूड रंगमंचावरून नाहीसे झाले होते आणि त्याच्या जागी गळ्यात गिटारीसारखे काहीतरी अडकवलेला एक माणूस उभा होता. पुढच्याच वर्षी हॅम्प्टन यांच्या वृंदात मंक माँटगमरी हे वादक आले आणि विजेची बेस वाजवणारे पहिले ख्यातनाम वादक म्हणून त्यांची गणना होऊ लागली.

त्यानंतरची वाढ झपाट्याची आहे. १९५७ मध्ये प्रिसिजनला दोन तुकड्यांत विभागलेला ध्वनिग्राहक, ज्याला वादक पिकअप म्हणतात, तो बसला. त्याने विजेची गुणगुण बरीचशी मारली. १९६० मध्ये ‘जॅझ बेस’ आली. तिला दोन पिकअप, आणि दांडा वरच्या टोकाशी सुमारे ३८ मिलिमीटर रुंद. प्रिसिजनचा दांडा साधारणतः ४४. सहा मिलिमीटरांचा हा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो. परंतु ज्याची बोटे माझ्यासारखी आखूड आहेत आणि दिवसभर लेखणी व संगणक यांपलीकडे ज्यांना व्यायाम नाही, त्याला तो पहिल्या पाच मिनिटांत कळतो.

तिकडे जर्मनीत हॉफ्नर यांच्या कारखान्यात पन्नाशीच्या दशकाच्या मध्यास व्हायोलिनच्या आकाराची, पोकळ, हलकी आणि ३० इंची आखूड तारांची बेस तयार झाली होती. १९६१ मध्ये हँबुर्ग शहरी पॉल मॅकार्टनी या डावखुऱ्या तरुणाने ती सुमारे तीस पौंडांना घेतली. एक तर ती स्वस्त होती, आणि दुसरे म्हणजे तिचा आकार दोन्ही बाजूंनी सारखा असल्यामुळे उलटी धरली तरी ती विद्रूप दिसत नव्हती. जगातील एका अतिप्रसिद्ध वाद्याची निवड अशा अगदी घरगुती कारणांनी झाली. तीच बेस १९७२ मध्ये लंडनमध्ये चोरीस गेली आणि पन्नासहून अधिक वर्षांनी ती मालकाला परत मिळाल्याचे २०२४ च्या फेब्रुवारीत जाहीर झाले.

माझी स्वतःची पहिली निवड एवढी शहाणपणाची नव्हती. मुंबईस असताना मी एका दुकानात गेलो आणि डोळ्यांनी वाद्य विकत घेतले. पाच तारा, आत बॅटरी, सहा कळा, आणि वरून अक्रोडी रंगाची सुरेख झिलई! तीन आठवड्यांत खांदा दुखू लागला, आणि पाचवी तार कशासाठी आहे हे मला अखेरपर्यंत कळले नाही. पुढे माझी बदली दिल्लीस झाली. मुंबईच्या दमट हवेत वाढलेला दांडा दिल्लीच्या कोरड्या उन्हाळ्यात आक्रसून मागे वाकला आणि प्रत्येक पडद्यावर तार खरखरू लागली. दांड्याच्या पोटात एक पोलादी सळई असते. ती किल्लीने पाव आटा सैल केली की तारांच्या ओढीने दांडा पुन्हा किंचित पुढे येतो, ही साधी गोष्ट विकणाऱ्याने मला सांगितली नव्हती. सांगितली असती तर कदाचित ते वाद्य आजही माझ्यापाशी असते. आता वाटते, न सांगितली हेच बरे झाले.

दुसरे वाद्य मी हातांनी आणि कानांनी घेतले. चार तारांची, वापरलेली, साधी बेस. ती घेताना काय पाहिले ते सांगतो. प्रथम वाद्य गळ्यात अडकवून दोन्ही हात सोडून दिले. दांडा जमिनीकडे झुकला तर ते वाद्य जन्मभर डाव्या हाताने उचलून धरावे लागते. फेंडर यांनी प्रिसिजनचे वरचे शिंग लांब काढले ते शोभेसाठी नव्हे, या तोलासाठीच. मग वीज न जोडता वाजवली. भरीव लाकडाचे वाद्यही कोरडे वाजवताना पोटाशी थरथरते. ज्या वाद्याची थरथर चांगली ते विजेवर सहसा निराश करीत नाही. नंतर प्रत्येक तारेवर प्रत्येक पडदा एकेक करून दाबून पाहिला, आणि बाराव्या पडद्यावर तारेला नुसता स्पर्श करून उमटणारा स्वर व दाबून उमटणारा स्वर एक आहे की नाही ते ताडून पाहिले. नसेल तर घोडी सरकवावी लागते. विजेचा क्रम सर्वांत शेवटी. दुकानदार मात्र नेमका याच्या उलट्या क्रमाने दाखवतो, आणि त्यालाही तसेच कारण आहे.

तारांचाही एक संप्रदायभेद आहे. काही तारांवरचे वेष्टन गोल तारेचे असते. त्या झणझणतात आणि त्यांवरून बोट सरकले की करकर ऐकू येते. दुसऱ्या तारांचे वेष्टन चपट्या पट्टीचे. त्यांचा नाद मऊ, गोलसर, जुन्या लाकडासारखा. मी चपट्यांच्या पक्षाचा आहे. त्याचे कारण जेम्स जेमर्सन.

डेट्रॉइट शहरात १९५९ मध्ये स्थापन झालेल्या मोटाउन या ध्वनिमुद्रिका-संस्थेत जेमर्सन हे रोजंदारीचे वादक होते. साठीच्या दशकात तेथून निघालेली गाणी जगभर गाजली आणि त्यांतील कितीतरी गाण्यांचा खर्ज या एकाच माणसाचा आहे. वाद्य १९६२ ची प्रिसिजन. तारा चपट्या वेष्टनाच्या, आणि त्या तुटल्याखेरीज बदलायच्या नाहीत हा त्यांचा नियम. उजव्या हाताची फक्त तर्जनी ते वापरीत. त्या एका बोटाने त्यांनी खर्जाला नुसता पाया न ठेवता एक स्वतंत्र बोलकी चाल दिली. गाणारा गातो आहे आणि खाली कोणीतरी हलक्या आवाजात त्याच्याशी संभाषण करतो आहे, असे ते वादन आहे. परंतु ज्या लक्षावधी लोकांनी त्या तबकड्या घेतल्या त्यांना हे नाव ठाऊक नव्हते, कारण तबकडीवर साथीदारांची नावे छापण्याची रीत त्या संस्थेत नव्हती. १९७१ मध्ये मार्व्हिन गे यांच्या एका तबकडीच्या वेष्टनावर ती प्रथम आली. जेमर्सन १९८३ मध्ये वारले. मृत्यूच्या थोडेच दिवस आधी त्यांची ती बेस चोरीस गेली. ती अद्याप सापडलेली नाही.

पश्चिम किनाऱ्यावर लॉस एंजेलिस येथे कॅरल के या बाईंचीही कथा अशीच. मूळच्या जॅझ गिटारवादक; १९६३ च्या सुमारास एका ध्वनिमुद्रणाला बेसवाला आला नाही, म्हणून त्यांनी बेस उचलली आणि पुढे ती खाली ठेवावी लागली नाही. बोटांऐवजी नखीने वाजवण्याची त्यांची धाटणी. मात्र ज्या वर्षांत ती गाणी घरोघर वाजत होती, त्या वर्षांत त्यांचे नाव स्टुडिओच्या भिंतींबाहेर फारसे गेलेले नव्हते.

हे वाचताना मला मुंबई आठवल्यावाचून राहत नाही. हिंदी चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद गोव्याहून आलेल्या वादकांनी आणि वृंदरचनाकारांनी उभे केले, हे आता सर्वमान्य झाले आहे. राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांत टोनी वाझ यांची बेस आहे. चरणजित सिंग यांनीही अनेक गाण्यांत ती वाजवली. पण तबकडीवर नावे कोणाची? संगीतकार, गीतकार आणि गायक यांची. ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने या वादकांच्या प्रत्यक्ष मुलाखती घेऊन २००८ मध्ये एक मोठा ग्रंथ सिद्ध केला, तेव्हा कोठे त्यांतील पुष्कळांची नावे छापील कागदावर उमटली. मी आयुष्यभर नस्तीवर टिपणे लिहीत आलो आहे. ज्या टिपणावर निर्णय झाला, त्या निर्णयाखाली सही दुसऱ्याची असते, आणि ते तसेच असावयास हवे. तरीसुद्धा लहानपणापासून कानात बसलेल्या एखाद्या गाण्याच्या तळाशी वाजणारा हात कोणाचा, हे पन्नास वर्षांनी कळते, तेव्हा आपणच काहीतरी देणे थकवले होते असे वाटते.

साठीच्या दशकातील वाद्यांना आज जी किंमत येते तिच्याविषयीही एक शब्द. १९६५ च्या जानेवारीत फेंडर यांनी आपली कंपनी सीबीएस या प्रसारणसंस्थेला १ कोटी ३० लाख डॉलरांना विकली, आणि त्यापूर्वीची ती अस्सल, नंतरची ती दुय्यम, अशी एक रेषा संग्राहकांनी आखून टाकली. इतिहासाच्या विद्यार्थ्याने अशा रेषांविषयी साशंक असावे. हौशी माणसाने तर त्या पैशांत चांगला ध्वनिवर्धक घ्यावा. आणि शेजारी सज्जन असतील तर तोही लहानच घ्यावा, कारण आठ मीटरांची लहर सरकारी वसाहतीच्या भिंतीला जुमानत नाही. मी रात्री नऊनंतर कानाला यंत्र लावूनच वाजवतो.

लाकडापुरता मात्र आपला आणि या वाद्याचा संबंध जुना आहे. १९५९ पासून फेंडर यांच्या दांड्यांवर शिसवीची पट्टी येऊ लागली. आरंभी ती ब्राझिलची असे. तेथील झाड दुर्मिळ झाल्यावर भारतातील शिसवीला मागणी आली. सह्याद्रीत आणि दक्षिणेच्या जंगलांत वाढणारे हेच ते झाड. २०१७ पासून शिसवीच्या सर्व जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. २०१९ मध्ये तयार वाद्यांपुरते ते सैल झाले. माझ्या बेसच्या पट्टीचे लाकूड कोठल्या डोंगरातले, हे मला कधीच कळणार नाही. पण आजोळच्या देव्हाऱ्याची आणि तिची वीण एकसारखी दिसते खरी.

पडद्यांनी अचूकपणा दिला तसे काही हिरावूनही घेतले. १९६१ मध्ये इंग्लंडात बिल वायमन यांनी आपल्या स्वस्त बेसचे पडदे उपटून काढले होते. परंतु बिनपडद्याच्या बेसला खरी प्रतिष्ठा दिली ती जॅको पास्टोरियस यांनी, १९७६ च्या आपल्या पहिल्या तबकडीने. त्यांच्या १९६२ च्या जॅझ बेसचे पडदे त्यांनी स्वतः काढले की ती तशीच मिळाली, याच्या त्यांनीच वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या हकिकती सांगितल्या आहेत. रिकाम्या खाचा भरून वर होडीला लावतात तसले कठीण राळेचे लुकण दिलेले होते. त्या बेसवर मींड निघते. स्वर वळतो, रेंगाळतो. सरोद आणि सारंगी ऐकत वाढलेल्या कानाला ती ओळखीची वाटते. पुढेमागे तशी एखादी घ्यावी, असे मनात आहे.

तूर्त पडदेच मला पुरेसे छळतात. गेल्या गणेशोत्सवात येथील मराठी मंडळींच्या कार्यक्रमात मला भजनाला साथ करण्यास बोलावले. पेटी, तबला, टाळ आणि माझी बेस. गाणाऱ्या गृहस्थांची पट्टी काळी एक, आणि भजन भूप रागातले. या पट्टीत षड्ज धरला की माझ्या चार मोकळ्या तारांचे स्वर होतात कोमल गंधार, कोमल धैवत, कोमल रिषभ आणि तीव्र मध्यम. म्हणजे भूपाला ज्यांची सावलीही चालत नाही, नेमके तेच चार! सबंध भजनभर एकही तार मोकळी सोडता आली नाही. वीस मिनिटांत करंगळी लाकूड झाली. तबलजी तरुण पण चौकस होते. कार्यक्रमानंतर पेढा हातात घेऊन ते म्हणाले, “साहेब, हे चार स्वर म्हणजे अख्ख्या तोडीचे विकृत स्वर की हो. पुढच्या वर्षी त्यांना तोडीच गायला लावू या.” तोडी सकाळची, आमचा कार्यक्रम रात्रीचा. तेव्हा पुढील वर्षी निदान एक दिवस तरी कार्यक्रम सकाळी ठेवावा, असे टिपण मी समितीकडे पाठवले आहे.